अग्निशस्त्रांचे गंजरोधन

बंदूक, रायफल, पिस्तूल, तोफ इ. अग्निशस्त्रांच्या लोखंडी व पोलादी भागांवर चढलेला गंज काढून टाकणे आणि तो पुन्हा चढू नये यासाठी योजावयाचे उपाय. शेतीची अवजारे, यंत्रे, पूल यांसारख्या लोखंडाच्या इतर वस्तूंनाही गंजाचा उपद्रव होतो. परंतु अग्निशस्त्रांच्या बाबतीत तो अधिक तीव्र असतो. बार उडाल्यावर नळीत जी राख व जे क्षार मागे राहतात ते हवेतील ओलावा शोषून घेतात आणि गंजण्याची क्रिया शस्त्राच्या आतूनच सुरू होते. शिवाय नळीचा अंतर्भाग डोळ्यांना सहज दिसत नाही. नांगराच्या फाळाला चढलेला गंज पहिल्या दोन तासांत घासून निघतो. बंदुकीच्या नळीतील वा कोठीतील गंजाचा खड्डा मात्र गोळीची अचूकता घटवतो, झाडलेले काडतूस अडकवून ठेवतो व प्रसंगी शस्त्रधारकाच्या प्राणावर बेततो. त्यामुळे बंदुकीच्या इतिहासाबरोबरच तिच्या गंजरोधनाचाही एक स्वतंत्र इतिहास घडत गेला. त्यात कारागिरांचे अनुभवसिद्ध ज्ञान, दीर्घकाळ टिकून राहिलेले काही गैरसमज आणि रसायनशास्त्राने त्यांचे केलेले निराकरण या तिन्ही गोष्टी आढळतात.

गंजण्याची क्रिया : लोखंडावर ऑक्सिजन व पाणी या दोहोंची एकत्रित क्रिया होऊन जलयुक्त लोह ऑक्साइडे तयार होतात. त्यांनाच सामान्यपणे गंज म्हणतात. ही क्रिया विद्युत् रासायनिक स्वरूपाची असते. धातूच्या पृष्ठावरील काही ठिकाणे धनाग्रे बनतात व तेथील लोखंड विरघळते. इतर ठिकाणे ऋणाग्रे बनून तेथे ऑक्सिजनाचे क्षपण होते. या दोहोंना जोडणारा विद्युत् विच्छेद्य म्हणजे पृष्ठावरील ओलाव्याचा पातळ थर होय. या थरात क्षार विरघळलेले असल्यास त्याची विद्युत् संवाहकता वाढते व गंज झपाट्याने चढतो. क्लोराइडे विशेष घातक असतात, कारण ती संरक्षक ऑक्साइडाचा थर भेदतात आणि एकाच ठिकाणी खोल खड्डे पाडतात.

हवेच्या आर्द्रतेचा या क्रियेवर मोठा परिणाम होतो. स्वच्छ लोखंड कमी आर्द्रतेत फारसे गंजत नाही; मात्र सापेक्ष आर्द्रता सु. ६०% च्या वर गेली व हवेत धूळ आणि गंधकाची ऑक्साइडे असली, तर गंजण्याचा वेग एकाएकी वाढतो, असे ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ व्हर्नन यांनी १९३० च्या सुमारास केलेल्या प्रयोगांतून दिसून आले. कोकणात पावसाळ्याचे चार महिने हवा या मर्यादेच्या बरीच वर असते आणि तिच्यात समुद्राचे मीठही मिसळलेले असते.

गंजाचे घनफळ मूळ लोखंडाच्या कित्येक पट असते. तो सच्छिद्र व ठिसूळ असल्याने खालच्या धातूचे संरक्षण करीत नाही; उलट ओलावा धरून ठेवतो. याउलट मॅग्नेटाइट या नावाने ओळखले जाणारे काळे लोह ऑक्साइड घट्ट चिकटून बसते व काही अंशी आवरणाचे काम करते. तांबड्या गंजाचे काळ्या ऑक्साइडात रूपांतर करणे, हे पुढे वर्णिलेल्या कित्येक जुन्या प्रक्रियांचे मर्म आहे.

काळ्या दारूचा काळ : चौदाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बंदुकीत सोरा, कोळसा व गंधक यांची काळी दारू वापरली जाई. तिचे रूढ प्रमाण अनुक्रमे ७५, १५ व १० टक्के असे होते. ही दारू जळल्यावर तिचा सर्वच्या सर्व वायू होत नाही. अँड्र्यू नोबल व फ्रेडरिक एबल यांनी १८७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार वजनाने निम्म्याहून अधिक भाग घनरूपात उरतो. त्यात मुख्यतः पोटॅशियमाची कार्बोनेट, सल्फेट व सल्फाइड ही लवणे असतात. यांपैकी कार्बोनेट अत्यंत आर्द्रताशोषक असते. त्यामुळे बार काढल्यावर साफ न केलेल्या ठासणीच्या बंदुकीच्या नळीत दमट हवेत एका रात्रीतही गंज धरतो.

यावरचा उपाय सैनिकांना अनुभवाने पूर्वीच सापडलेला होता. वरील लवणे पाण्यात सहज विरघळतात. म्हणून नळीत पाणी, शक्यतो ऊन पाणी ओतून, गजाच्या टोकाला चिंधी गुंडाळून ती धुवावयाची, कोरडी करावयाची व मग तेल वा चरबी लावावयाची, अशी रीत सर्व देशांत रूढ झाली. पाणी उकळते असल्यास नळी तापते व आतील ओल आपोआप उडून जाते. लोखंडाला पाणी लावणे हे वरकरणी विपरीत वाटले, तरी पाण्यानेच गंजाचे मूळ कारण धुतले जाई, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढील काळात तिचा विसर पडल्यामुळे मोठे नुकसान झाले.

नळीत साचणारी राख मऊ राहावी, हा काडतुसाला चरबी लावण्यामागील एक हेतू होता. १८५३ च्या नमुन्याच्या एन्फील्ड रायफलीचे काडतूस चरबी व मेण यांच्या मिश्रणाने माखलेले असे. ही चरबी गाईची व डुकराची असल्याच्या समजाने १८५७ च्या उठावाला कसे निमित्त मिळाले, हे सर्वश्रुत आहे.

युरोपीय सैन्यांत अठराव्या शतकात बंदुकीच्या नळ्या पांढऱ्या म्हणजे चकचकीत ठेवण्याची शिस्त होती. विटेची पूड व तेल यांनी सैनिक त्या रोज घासत. संचलनाच्या वेळी अशा बंदुका शोभून दिसत. परंतु सततच्या घासण्याने नळीची भिंत झिजून पातळ होई व उन्हात चमकणाऱ्या नळ्यांमुळे शत्रूला सैन्याचा सुगावा लागे. घासलेले उघडे लोखंड पुन्हा गंजण्यास सदैव तयारच असे. म्हणजे गंज काढण्याचा हा उपाय शस्त्राला गंजाइतकाच झिजवीत होता.

महाराष्ट्रातील व भारतातील परंपरा : सह्याद्रीच्या माथ्यावरील व किनाऱ्यावरील दुर्गांत शस्त्रे सुस्थितीत राखणे हा राज्यकारभाराचा एक महत्त्वाचा भाग होता. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्य यांनी रचलेल्या आज्ञापत्रातील दुर्गविषयक प्रकरणात याविषयी स्पष्ट सूचना आहेत. पावसाळ्यात तोफांना व दरवाजांना तेल-मेण द्यावे, तोफांचे काने मेणाने बुजवावेत, तोफांवर झाकणे घालावीत आणि दारू, बाण इ. सामग्रीला सर्दी लागू न देता ती आठ-पंधरा दिवसांनी बाहेर काढून ऊन द्यावे, असा त्यांचा आशय आहे. तेल धातूच्या बारीक छिद्रांत शिरते, मेण वरून घट्ट थर धरते आणि काना बुजवल्याने नळीत पाणी उतरत नाही. आधुनिक संग्रहालयांत लोखंडी वस्तूंना मेणाचे आवरण देतात, त्यामागील तत्त्वही हेच आहे.

शस्त्रे घासून-पुसून लखलखीत करणारा व त्यांना धार देणारा शिकलगार हा या व्यवस्थेतील एक आवश्यक कारागीर होता. सैकल म्हणजे झिलई या अर्थाच्या शब्दावरून हे नाव पडले. कुरुंदाची पूड लाखेत मिसळून केलेले फिरते चाक हे त्याचे प्रमुख साधन होय. तलवारी, कट्यारी, भाले यांच्याबरोबरच तोडेदार बंदुकांच्या नळ्यांची झिलईही तो करी. सरकारी शिलेखान्यात अशा कारागिरांची गरज बाराही महिने असे. पुढे संस्थानी फौजा घटल्या व शस्त्रबंदी आली, तेव्हा या समाजातील अनेकांना चाकू-कात्र्यांना धार लावण्यावर गुजराण करावी लागली.

आश्विन शुद्ध नवमीला, म्हणजे खंडेनवमीला, शस्त्रे बाहेर काढून, साफ करून व तेल देऊन त्यांची पूजा करतात. हा दिवस पावसाळ्याच्या अखेरीस येतो व दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, सीमोल्लंघन होऊन मोहिमांना प्रारंभ होई. चार महिने दमट हवेत पडून राहिलेल्या प्रत्येक हत्याराची मोहिमेपूर्वी तपासणी व सफाई या निमित्ताने होत असे, हे या प्रथेचे व्यावहारिक अंग उपेक्षणीय नाही.

तोफांच्या बाबतीत गंज टाळण्याचा आणखी एक मार्ग होता व तो म्हणजे लोखंडच न वापरणे. तांबे व कथिल यांच्या मिश्रधातूच्या म्हणजे काशाच्या तोफा महाग पडत. परंतु त्यांवर तांबडा गंज चढत नसे. अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) येथे १५४९ मध्ये ओतलेली व विजापूरच्या बुरुजावर ठेवलेली मुलूख-ए-मैदान ही प्रचंड तोफ याच जातीची आहे. शतकानुशतके उघड्यावर राहूनही तिच्यावरील कोरीव लेख वाचता येतात. याउलट किनाऱ्यावरील अनेक किल्ल्यांत पडून असलेल्या लोखंडी तोफांचे पापुद्रे सुटत असल्याचे दिसते.

गंजरोधनासाठी भारतात तिळाचे, खोबऱ्याचे व मोहरीचे तेल उपलब्ध असे. वनस्पतिज तेले काही काळाने चिकट होतात आणि खवट झाल्यावर त्यांतील मुक्त वसाम्ले धातूला उपद्रव देतात, हा त्यांचा दोष होय. एकोणिसाव्या शतकात ब्रह्मदेशातील खनिज तेल ‘रंगून ऑइल’ या नावाने ब्रिटिश सैन्यात व शिकाऱ्यांत लोकप्रिय झाले. खनिज तेल खवट होत नाही. त्यामुळे पुढे सर्वत्र त्याचाच स्वीकार झाला.

तपकिरी व निळी झिलई : गंज टाळावयाचा तर गंजाचाच उपयोग करावा, ही कल्पना तपकिरी झिलईच्या मुळाशी आहे. या प्रक्रियेत नळी प्रथम तेलकटपणा राहणार नाही अशी साफ करीत. तिच्यावर नायट्रिक अम्ल, फेरिक क्लोराइड, मोरचूद, रसकापूर इ. द्रव्यांचा कारागिराच्या कृतीनुसार केलेला विद्राव हलक्या हाताने लावीत व ती दमट जागी ठेवीत. काही तासांत बारीक, सारखा गंज धरे. सुटा गंज तारेच्या ब्रशाने काढून पुन्हा विद्राव लावीत. असे अनेक वेळा केल्यावर घट्ट तपकिरी थर तयार होई. शेवटी ऊन पाण्याने अम्लाचा अंश धुऊन काढून तेल, मेण वा रोगण देत. ब्रिटिश सैन्यात १८०० मध्ये दाखल झालेल्या बेकर रायफलीची नळी अशी तपकिरी असे. साध्या मस्केट बंदुकांच्या नळ्या तपकिरी करण्याची प्रथा १८१५ नंतर रूढ झाली. अमेरिकेत मात्र यादवी युद्धापर्यंत (१८६१–६५) सरकारी कारखान्यांतील बहुसंख्य मस्केट बंदुका चकचकीतच असत.

याच प्रक्रियेत प्रत्येक पुटानंतर नळी उकळत्या पाण्यात ठेवली, तर तांबड्या ऑक्साइडाचे काळ्या मॅग्नेटाइटात रूपांतर होते आणि काळसर निळी झिलई मिळते. लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या दमास्कस नळ्यांवर अशी पुटे दिल्यास दोन्ही धातूंवर वेगवेगळी छटा येऊन नक्षी उठून दिसे. म्हणून शिकारी बंदुकांच्या नामांकित कारागिरांनी ही वेळखाऊ रीत विसाव्या शतकातही सोडली नाही.

चाप, खिळे, पट्ट्या यांसारखे लहान भाग तापवून निळे करीत. झिलई केलेले पोलाद सु. ३००° से. पर्यंत तापवले असता त्यावर अत्यंत पातळ ऑक्साइडाचा मोहक निळा रंग चढतो. परंतु तो लवकर झिजतो. १९३० नंतर कॉस्टिक सोडा व सोडियम नायट्रेट यांच्या सु. १३५° ते १५०° से. तापमानाच्या तीव्र विद्रावात भाग बुडवून काळे करण्याची पद्धत कारखान्यांत रूढ झाली. तिने अर्ध्या तासात अनेक नळ्या एकाच वेळी काळ्या होतात. मात्र या सर्व झिलयांची जाडी सु. एक मायक्रॉन एवढीच असते. त्या गंजाला पूर्णतः अटकाव करीत नाहीत. त्यांच्यावर तेलाचा थर टिकतो, यातच त्यांचे खरे महत्त्व आहे.

टोपीचा क्षार – एक दीर्घकालीन गैरसमज : अलेक्झांडर फोर्साइथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १८०७ मध्ये आघाताने पेटणाऱ्या रसायनाचे एकस्व घेतले. त्यानंतर गारेच्या चापाची जागा आघाती टोपीने घेतली. टोपीतील मिश्रणात पोटॅशियम क्लोरेट हा प्रमुख घटक असे. ते जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड उरते. हे लवण खाण्याच्या मिठाच्याच कुळातील असून लोखंडाला मिठाइतकेच घातक आहे. काळ्या दारूच्या काळात हा दोष उघडकीस आला नाही. कारण या लवणाचे प्रमाण राखेच्या ढिगात नगण्य असे आणि ती राख धुण्यासाठी वापरलेल्या पाण्यात तेही विरघळून जाई.

फ्रान्समध्ये पॉल व्ह्येय यांनी १८८४ मध्ये निर्धूम दारू तयार केली आणि १८८६ च्या लेबेल रायफलीत ती वापरात आली. काही वर्षांतच सर्व राष्ट्रांनी तिचा स्वीकार केला. ही दारू जवळजवळ पूर्णपणे वायुरूप होत असल्याने नळीत राख दिसेनाशी झाली. साहजिकच पाण्याने धुण्याची गरज उरली नाही, असे अनेकांना वाटले व नुसते तेल फिरवून बंदुका ठेवून दिल्या जाऊ लागल्या. परंतु तेल दिलेली, आरशासारखी स्वच्छ दिसणारी नळी दोन-चार दिवसांनी पाहावी तो तिच्यात तांबडा गंज दिसे. पुन्हा साफ करून तेल दिले, तरी पुन्हा तोच प्रकार होई. या प्रकाराची अनेक स्पष्टीकरणे देण्यात आली. निर्धूम दारूपासून अम्ले निर्माण होतात. तिचे वायू उच्च दाबाने पोलादाच्या छिद्रांत शिरतात व नंतर घामासारखे बाहेर येतात, असे समजत. या समजुतीनुसार अम्लनाशक घातलेली अनेक तेले बाजारात आली.

यावर निर्णायक प्रकाश अमेरिकेच्या खाणकाम विभागातील विल्बर्ट जे. हफ यांनी पाडला. त्यांचा अहवाल १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला. नंतर चढणाऱ्या या गंजाचे कारण दारू नसून टोपीतून येणारे पोटॅशियम क्लोराइड होय, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवले. हे लवण तेलात विरघळत नाही. म्हणून तेलाने ते निघत नाही. त्यावर तेलाचे पांघरूण मात्र पडते. तेलाच्या थरातून ओलावा झिरपत राहतो व क्षार तो शोषून घेतो. अशा रीतीने तेलाखालीच गंज चढतो. हवा कोरडी असेपर्यंत काही घडत नाही. सापेक्ष आर्द्रता सु. ८५% झाली, की पोटॅशियम क्लोराइड स्वतःच ओलाव्यात विरघळू लागते. एकच रायफल कोरड्या प्रदेशात निर्दोष राहावी व किनाऱ्यावर गंजावी, यातील विसंगती यामुळे उलगडली. कारण कळल्यावर उपाय सोपा होता. तो म्हणजे जुन्या सैनिकांना ठाऊक असलेले पाणी.

ब्रिटिश व भारतीय सैन्यांत ०·३०३ इंची ली-एन्फील्ड रायफलीत नरसाळ्याने उकळते पाणी ओतण्याची रीत होतीच. नंतर पुलथ्रू म्हणजे एका टोकाला पितळी वजन असलेल्या दोरीला फलालिनीचा तुकडा अडकवून तो नळीतून ओढीत व शेवटी तेलाची चिंदी फिरवीत. पुलथ्रू व तेलाची लहान बाटली ठेवण्यासाठी दस्त्यातच पोकळी असे. फलालिनीच्या तुकड्यासाठी ‘चिंदी’ हा शब्द भारतीय सैन्यात व राष्ट्रीय छात्रसेनेत रूढ आहे.

मूळ दोष दूर करण्यासाठी क्लोरेटविरहित मिश्रणे शोधण्यात आली. १९२० नंतरच्या दशकात जर्मनीत व अमेरिकेत लेड स्टिफ्नेटावर आधारलेल्या टोप्या तयार झाल्या व नागरी काडतुसांत त्या लवकरच रूढ झाल्या. सैन्ये मात्र साठवणीत खात्रीलायक ठरलेले जुने मिश्रण सोडण्यास तयार नव्हती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन रायफलीच्या टोपीत सु. ५३% पोटॅशियम क्लोरेट असे. ते १९५० नंतरच्या काही वर्षांत हटले. पूर्व यूरोपीय देशांत क्लोरेटाच्या टोप्या त्यानंतरही बराच काळ तयार होत होत्या. त्यामुळे जुन्या साठ्यातील काडतुसे झाडल्यावर नळी पाण्याने धुण्याचा नियम आजही पाळावा लागतो.

फॉस्फेटीकरण व क्रोमियमाचा मुलामा : टॉमस वॉट्स कॉस्लेट यांनी १९०६ मध्ये ब्रिटनमध्ये फॉस्फोरिक अम्लाच्या विरल विद्रावात लोखंड उकळून त्यावर फॉस्फेटाचा थर बसवण्याचे एकस्व घेतले. क्लार्क पार्कर यांनी १९१५ मध्ये अमेरिकेत या पद्धतीवर आधारलेली कंपनी स्थापन केली व तिच्या नावावरून या क्रियेस ‘पार्करायझिंग’ म्हणू लागले. जस्ताच्या वा मँगॅनिजाच्या फॉस्फेटाचा हा थर करडा, खरखरीत व स्फटिकमय असतो. तो चमकत नाही व आपल्या सूक्ष्म छिद्रांत तेल धरून ठेवतो. निळ्या झिलईची शोभा त्यात नाही; पण युद्धातील शस्त्राला शोभेपेक्षा टिकाऊपणा महत्त्वाचा. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकन स्प्रिंगफील्ड रायफलींवर व दुसऱ्या महायुद्धात गॅरँड रायफलींवर हाच थर देण्यात आला.

नळीच्या अंतर्भागासाठी क्रोमियमाचा विद्युत् विलेपनाने दिलेला कठीण मुलामा सर्वांत परिणामकारक ठरला. क्षारांचा त्यावर सहसा परिणाम होत नाही व तप्त वायूंनी होणारी झीजही कमी होते. अरुंद नळीत सर्वत्र सारख्या जाडीचा थर बसवणे मात्र कठीण असते. जपानने १९३९ च्या ७·७ मिमी. अरिसाका रायफलीत हा मुलामा वापरला. तेथील पावसाळी व सागरी युद्धक्षेत्रांचा विचार त्यामागे असावा. सोव्हिएट संघाने कलाश्निकोव्ह रायफलीची नळी व कोठी यांना तो दिला. भारतीय बनावटीच्या इन्सास रायफलीच्या नळीलाही क्रोमियमाचा मुलामा आहे.

या उपायाकडे दुर्लक्ष केल्याने काय घडते, याचे उदाहरण व्हिएटनाम युद्धात दिसले. अमेरिकेने १९६५ पासून तेथे मोठ्या प्रमाणावर पाठवलेल्या एम-१६ रायफलीच्या कोठीला क्रोमियमाचा मुलामा नव्हता. ती फारशी साफ करावी लागत नाही, असा समज पसरलेला होता व सफाईची साधनेही पुरेशी दिलेली नव्हती. शिवाय काडतुसातील दारूचा प्रकार बदलल्याने राख वाढली व यंत्रणेची गतीही वाढली. उष्ण व दमट हवेत कोठीत गंजाचे खड्डे पडले, झाडलेली काडतुसे त्यांत अडकू लागली आणि ऐन चकमकीत रायफली बंद पडून सैनिक मारले गेले. अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या, रिचर्ड आयकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखालील उपसमितीने १९६७ मध्ये चौकशी करून या प्रकारावर कठोर टीका केली. त्याच वर्षापासून कोठीला व पुढे १९७० नंतर संपूर्ण नळीला मुलामा देण्यात येऊ लागला. सफाईचे साहित्य पुरवण्यात आले आणि विल आयस्नर या व्यंगचित्रकाराकडून सफाईची चित्रमय पुस्तिका करवून घेऊन ती १९६८ मध्ये सैनिकांत वाटण्यात आली.

पिस्तुलांच्या क्षेत्रात १९६५ मध्ये स्मिथ अँड वेसन कंपनीने अगंज पोलादाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. अंगाशी बाळगलेल्या शस्त्राला घामातील क्षारांचा सतत संपर्क होतो. त्यामुळे हे पोलाद तेथे विशेष उपयुक्त ठरले. तथापि अगंज पोलादही क्लोराइडांच्या दीर्घ संपर्काने गंजते. त्यामुळे त्याच्या नावावर विसंबून सफाई टाळता येत नाही.

गंज काढणे : वरवरचा गंज तेलात काही काळ भिजवून पितळेच्या वा तांब्याच्या खरवडणीने, तसेच अतिसूक्ष्म पोलादी लोकरीने काढतात. पितळ व तांबे पोलादापेक्षा मऊ असल्याने मूळ पृष्ठावर चरे पडत नाहीत. काळ्या झिलईवर थोडा गंज असल्यास तो भाग उकळत्या पाण्यात ठेवून गंजाचे काळ्या ऑक्साइडात रूपांतर करतात व सुटा भाग मऊ ब्रशाने काढतात. यामुळे मूळ झिलई वाचते. अम्लांनी गंज लवकर निघतो. परंतु त्याबरोबर झिलईही जाते आणि अम्लाचा अंश फटींत राहिल्यास गंज पुन्हा उद्भवतो. कॉस्टिक सोड्याच्या किंवा धुण्याच्या सोड्याच्या विद्रावात वस्तू ऋणाग्राला जोडून विद्युत् प्रवाह सोडण्याची रीत जड गंजासाठी वापरतात. गंजाने पडलेला खड्डा मात्र कोणत्याही उपायाने भरून येत नाही. अशी नळी बार काढण्यास सुरक्षित आहे की नाही, हे तज्ञाने तपासूनच ठरवावे लागते.

समुद्रतळातून काढलेल्या तोफांचा प्रश्न वेगळा आहे. लोखंडाच्या अंतर्भागात क्लोराइडे खोलवर मुरलेली असतात. अशी तोफ बाहेर काढून नुसती वाळवली, तर काही महिन्यांत तिचे पापुद्रे सुटून ती भंगते. म्हणून तिला अल्कधर्मी विद्रावात बुडवून, बहुधा विद्युत् प्रवाहाच्या साहाय्याने, महिनोन्‌महिने क्लोराइडे काढून घेतात. नंतर ती वाळवून तिच्यावर टॅनिक अम्ल व मेण यांचा लेप देतात.

जुन्या वाड्यांत, देवघरांत व स्थानिक संग्रहालयांत असलेल्या ठासणीच्या बंदुकांना दसऱ्यापूर्वी पॉलिश कागदाने घासून पांढरेशुभ्र करण्याची प्रथा अद्याप काही ठिकाणी आढळते. यामुळे गंजाबरोबर कारागिराची मुद्रा, शिलेखान्याचे अंक, कोफ्तगारीची तार व मूळ तपकिरी झिलईही नाहीशी होते. शस्त्राचा काळ व त्याचे मूळ स्थान ठरवण्याचा पुरावाच नष्ट होतो. सुटा गंज तेवढा काढून, स्थिर झालेला काळा थर राखणे व त्यावर मेणाचा पातळ लेप देणे, हाच संग्राह्य शस्त्रांबाबत योग्य उपाय समजतात.

साठवण : दीर्घकाळ साठवावयाच्या शस्त्रांना जाड खनिज ग्रीज फासून ती मेणकागदात गुंडाळतात. पेटीत सिलिका जेलसारखे आर्द्रताशोषक ठेवतात वा बाष्परूपाने धातूवर पसरून गंज रोखणाऱ्या रसायनांचा कागद वापरतात. कातडी म्यानात शस्त्र दीर्घकाळ ठेवणे अनिष्ट असते. कारण कमावलेल्या कातड्यातील अम्ले व क्षार आणि त्याने धरलेला ओलावा यांमुळे गंज वाढतो. कोठाराची सापेक्ष आर्द्रता ५०% च्या आसपास स्थिर ठेवतात. तापमान एकदम उतरल्यास थंड धातूवर दव धरते, म्हणून ते स्थिर राखणेही तितकेच आवश्यक असते. शस्त्र उघड्या हाताने हाताळल्यावर पुसून ठेवण्याचा नियमही यातच मोडतो. बोटांच्या ठशांत मीठ असते व कालांतराने ते ठसे गंजाच्या रूपाने धातूवर उमटतात.

लेप, मुलामा व मिश्रधातू यांत आतापर्यंत पुष्कळ प्रगती झाली असली, तरी गंजरोधनाचा मूळ क्रम बदललेला नाही. प्रथम क्षार पाण्याने काढावयाचा, मग ओल काढावयाची व शेवटी तेल वा मेण द्यावयाचे. या क्रमातील पहिली पायरी गाळून केवळ शेवटचीवर भर दिला, तेव्हा शस्त्रे तेलाखालीच गंजली, हे गेल्या शतकाच्या अनुभवाने सिद्ध केले आहे.